स्टॉल कुणाला नाकारणार?

आमच्या नेरूळच्या वाचनालयात महिन्यातून एका रविवारी चर्चा होते. चहा असतो, खारी असते, आणि वाद बहुतेक वेळा पाणी आणि पार्किंग यांच्यापलीकडे जात नाही. या वेळी विषय वेगळा निघाला. नवी मुंबईच्या विमानतळाचं ८ ऑक्टोबर २०२५ला उद्घाटन झालं, २५ डिसेंबरपासून विमानं सुटू लागली, आणि तेव्हापासून या शहराला प्रदर्शनांचं शहर करायच्या गप्पा जोरात आहेत. त्यात पर्यटन आलंच, आणि हल्ली पर्यटनाच्या पुढे ‘शाश्वत’ लावल्याशिवाय कुणाचं समाधान होत नाही. पक्षीनिरीक्षण करणाऱ्या एका काकांनी सुरुवातीलाच सांगून टाकलं, हा सगळा हिरवा मुलामा आहे, शाश्वत पर्यटनाची असली प्रदर्शनं भरूच देऊ नयेत. ट्रॅव्हल एजन्सी चालवणारे दुसरे उसळले, “दोन पैसे गावात येतायत तर तुमच्या पोटात का दुखतं?” पुढचा दीड तास हेच. एकाने कार्बन काढला की दुसऱ्याने रोजगार काढायचा. या प्रदर्शनात विकलं काय जातं, विकणारा कोण आणि त्याला आत कुणी घेतलं, हे दोघांपैकी एकानेही विचारलं नाही.

माझं मत आधीच सांगते. प्रदर्शनं भरू द्यावीत. पण दारावर ‘शाश्वत’ लिहायचं असेल तर आयोजकाकडे स्टॉल नाकारायचा नियम हवा, आणि तो त्याने कुणावर तरी वापरलेला दिसायला हवा. पैसे भरेल त्याला जागा, हा साध्या प्रदर्शनाचा नियम. त्यात गैर काही नाही. पापड-लोणच्यांचं, फर्निचरचं, चपलांचं प्रदर्शन असंच चालतं. मात्र ज्याला कुणालाही नाही म्हणता येत नाही, त्याने आपला माल निवडक असल्याचा आव आणू नये, एवढंच.

अशा मेळ्यांचा इतिहास पाहिला की हा मुद्दा मी हवेतून काढलेला नाही हे कळतं. पर्यटनाचा जगातला सगळ्यात मोठा बाजार बर्लिनला भरतो. १९६६ साली तो सुरू झाला तेव्हा पाच देशांतले नऊ प्रदर्शक होते आणि धंद्यातले जेमतेम अडीचशे लोक आले होते. लंडनचा मोठा मेळा १९८०चा. त्याच वर्षी रॉबर्ट युंक या लेखकाने जर्मनीतल्या एका मासिकात ‘कठोर’ आणि ‘मवाळ’ प्रवासाचा फरक मांडला. घोळक्याने, घाईत, कमी वेळात जास्त ठिकाणं पाहणं एका बाजूला आणि मोजक्या लोकांनी, सावकाश, तिथल्यासारखं राहणं दुसऱ्या बाजूला. लोकांना हे पटायला वेळ लागला नाही, कारण भूमध्य समुद्राचे किनारे काँक्रीटने भरताना त्यांना दिसत होते. आपल्याकडेही ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस ‘जागृत गोंयकारांची फौज’ गोव्यात जर्मनीहून येणाऱ्या चार्टर विमानांच्या विरोधात उभी राहिली होती. म्हणजे ज्या पर्यटकाला जर्मनीत मवाळ प्रवास शिकवायचा विचार चालला होता, त्यालाच इकडे गोव्यात लोक ‘परत जा’ म्हणत होते. एकाच तक्रारीची ही दोन टोकं.

त्याच जर्मनीतल्या हॅनोवरमध्ये नव्वदच्या दशकात ‘रायझेपॅव्हिलॉन’ नावाचा मेळा भरू लागला. वेगळ्या तऱ्हेने प्रवास घडवणाऱ्या छोट्या व्यावसायिकांचा बाजार, असं त्याचं स्वरूप होतं. त्याच विचाराच्या छोट्या प्रवासी कंपन्यांनी १९९८ साली ‘फोरम अँडर्स रायझेन’ ही संघटना काढली आणि सभासद व्हायच्या अटी कागदावर उतरवल्या. त्यातली एक मला फार आवडते. ७०० किलोमीटरच्या आत जायचं असेल तर विमानाची सहल विकायची नाही. ७०० ते २,००० किलोमीटर असेल तर मुक्काम किमान ८ दिवसांचा, आणि त्यापुढे किमान १४ दिवसांचा. ‘निसर्गावर प्रेम करा’ छापाचं गुळगुळीत वाक्य नाही, किलोमीटर आणि दिवस. कुणालाही मोजता येतील, आणि मोडले तर पकडता येतील. १९९५पासून बर्लिनच्या मेळ्यात ‘टू डू’ नावाचा पुरस्कार दिला जातो, तो स्थानिक लोकांना सामावून घेणाऱ्या पर्यटन प्रकल्पांसाठी आहे. तो देण्याआधी माणूस प्रत्यक्ष त्या गावात जाऊन पाहून येतो. पुढे रायझेपॅव्हिलॉनने हॅनोवर सोडलं, म्युनिक गाठलं, आणि आता तो भरत नाही. मोठ्या मेळ्यांनी स्वतःकडेच जबाबदार पर्यटनाचं दालन उघडलं. कुणी याला विजय म्हणेल, कारण विचार मुख्य बाजारात पोहोचला. मला त्यात थोडं नुकसानही दिसतं. स्वतःचं दार होतं तोवर दारावर कुणाला तरी अडवता येत होतं. मोठ्या दालनाचा एक कोपरा झाल्यावर अडवणार कसं? शेजारच्या दालनात तर क्रूझचं बुकिंग चालू आहे.

आता त्या पक्षीनिरीक्षक काकांकडे वळू. त्यांचं म्हणणं मी हलक्यात घेत नाही, कारण मी स्वतः असं एक प्रदर्शन पाहून आले आहे. नवी मुंबईतल्याच एका सभागृहात, गेल्या हिवाळ्यात. दारात बांबूची कमान, त्यावर प्लास्टिकची वेल. आत शिरल्या शिरल्या सगळ्यात मोठा स्टॉल एका ‘इको’ व्हिला प्रकल्पाचा. डोंगरउतारावर घरं, प्रत्येक घराला स्वतःचा तरणतलाव. मी त्या पोराला विचारलं, पाणी कुठून आणता? तो अगदी निरागसपणे म्हणाला, “टँकर येतो ना मॅडम. पण सोलर आहे आपल्याकडे, सगळे दिवे सोलरवर.” त्याची काही चूक नव्हती. त्याला जे पाठ करून घेतलं होतं ते तो म्हणत होता. आणि मागच्या रांगेत, खांबाआड, स्वच्छतागृहाच्या वाटेवर, रत्नागिरी जिल्ह्यातून आलेली एक बाई बसली होती. बचत गटाच्या नावावर सवलतीत मिळालेलं टेबल. त्यावर कोकमाच्या बाटल्या, घराचे चार फोटो आणि एक दोनशे पानी वही. वहीत पाहुण्यांची नावं, तारखा, आणि ‘मासे खात नाहीत’, ‘आजोबांना गुडघा, खालची खोली’ असल्या नोंदी. किती पाहुणे घेता, म्हटलं. “आठ. नववा आला तर जावेकडे पाठवते. तिच्याकडं पण भरलं असेल तर पुढच्या शनिवारी या म्हणायचं.” तिची विहीर किती माणसांना पुरते हे तिला ठाऊक होतं, आणि एवढ्या मोठ्या सभागृहात त्या प्रश्नाचं नेमकं उत्तर मला फक्त तिच्याकडून मिळालं.

मग काका बरोबरच म्हणतात की. मुलामा आहेच. पण मुलामा आहे म्हणून बाजार बंद, हा न्याय आपण आणखी कुठे लावतो? वाशीच्या बाजार समितीत दर उन्हाळ्यात कर्नाटकातला आंबा देवगडच्या पेटीत शिरतो, ही ओरड आपण वर्षानुवर्षं ऐकतो. म्हणून कुणी हापूस विकायला बंदी घाला म्हटलं? बागायतदारांनी उलट केलं. भौगोलिक मानांकनासाठी झगडले, २०१८ साली ते कोकणच्या हापूसला मिळालं (रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, पालघर आणि हो, आपला ठाणे जिल्हाही त्यात आहे), आणि आता फळावर कोडचे स्टिकर लावण्यापर्यंत गोष्ट गेली आहे. लबाडी संपली असं मी म्हणत नाही. पण ‘हा देवगड आहे का?’ या प्रश्नाचं उत्तर आज निदान तपासता येतं. ‘हे शाश्वत आहे का?’ या प्रश्नाचं आपण अजून काहीच केलेलं नाही. काकांच्या सल्ल्याने प्रदर्शन बंद केलं तर व्हिलावाल्याचं काय बिघडेल? त्याच्याकडे जाहिरातीला पैसे आहेत, महामार्गावर फलक आहेत, फोनवर छळणारी पोरं आहेत. बाद होईल ती खांबाआडची बाई.

कार्बनचा मुद्दा याहून अवघड आहे, आणि त्याला माझ्याकडे पुरतं उत्तर नाही. १६० देशांचा हिशेब मांडून २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जगातल्या हरितगृह वायूंपैकी सुमारे ८ टक्के उत्सर्जन पर्यटनाच्या माथी आलं. शाश्वततेवर बोलायला चार खंडांतून विमानाने माणसं आणायची, हा विनोद आहे आणि तो कुणालाही कळतो. पण याच ठिकाणी जर्मनांचा तो ७०० किलोमीटरचा नियम कामाला येतो. आमच्या नव्या विमानतळापासून गोवा हवाई अंतराने ७००च्या कितीतरी आत आहे. ठाण्याला आणि पनवेलला थांबणारी मडगावची वंदे भारत २०२३पासून धावते आहे, मांडवी तर कधीपासूनच आहे. तेव्हा ‘शाश्वत’ प्रदर्शनात गोव्याची विमानाची तिकिटं जोडलेलं पॅकेज विकायला मनाई, असा नियम करायला हरकत काय? हरकत अशी की विमान कंपन्या प्रायोजक असतात. ठीक आहे. मग वाद कार्बनचा नाही, प्रायोजकाचा आहे, आणि तो तसाच घालावा.

“धंदा शिरला की विचार गेलाच,” असंही काका म्हणाले, आणि त्यावर सभागृहात बऱ्याच माना हलल्या. मला हे वाक्य आळशी वाटतं. आधुनिक सहलीचा जन्मच एका सद्विचारातून झाला आहे. ५ जुलै १८४१ला थॉमस कुक नावाच्या दारूबंदीच्या प्रचारकाने लेस्टरहून लफबरोला जवळपास पाचशे माणसं रेल्वेने नेली, माणशी एक शिलिंग, कशासाठी, तर दारूबंदीच्या सभेसाठी. पुढे त्याचा धंदा झाला, आणि दारूबंदी त्यात कुठे वाहून गेली कुणालाच कळलं नाही. काका म्हणतील, बघा, मी काय सांगत होतो! पण कुकच्या दारूबंदीला धंद्यात टिकायची काही वाटच नव्हती. दारू पिणाऱ्याला तिकीट नाकारायची अट त्याच्या व्यवहारात कुठे लिहिलेली नव्हती. विचार टिकवणारी अशी अट कोकणातल्या वेळासला लिहिली गेली, निदान लोकांच्या तोंडी तरी.

मंडणगड तालुक्यातल्या या गावाबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं. वेळासच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात, आणि पूर्वी ती अंडी उकरून खाल्ली, विकली जायची. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने, भाऊ काटदरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, २००२च्या सुमारास घरटी शोधून, अंडी कुंपणात हलवून राखायला सुरुवात केली. २००६पासून कासव महोत्सव भरू लागला. हॉटेल नव्हतं, म्हणून पाहुणे घरात. पडवीत गाद्या, पंगतीला उकडीचे मोदक आणि फणसाची भाजी, आणि सकाळी सहाच्या थंडीत किनाऱ्यावर रांगेत उभं राहायचं. टोपली उचलली आणि खाली पिल्लं निघाली तर निघाली. नाही निघाली तर परत जायचं, पैसे परत नाहीत, कारण कासवाशी कुणी करार केलेला नाही. आम्ही गेलो त्या सकाळी तीन पिल्लं निघाली, तिसरं पाण्यापर्यंत पोहोचायला वीस मिनिटं घेत होतं, आणि दोरीमागे उभ्या शंभरेक माणसांपैकी कुणी ‘हुश्श’देखील केलं नाही. गर्दी वाढली की तिथेही गोंधळ होतो, फ्लॅश मारणारे महाभाग येतात, हे मी नाकारत नाही. तरी अंडी विकून मिळणाऱ्या पैशापेक्षा अंडी राखून मिळणारा पैसा बरा, हे गणित गावाला पर्यटनाच्या धंद्यानेच पटवलं. नुसत्या भाषणाने ते पटलं नसतं. आणि हे करताना दोरी कुणी धरली? गावातल्याच लोकांनी.

दोरीचा हा विषय कास पठारावरही निघतो. २०१२ला जागतिक वारशाच्या यादीत सह्याद्रीसोबत कासचं नाव आलं आणि माणसं फुलांवर झोपून फोटो काढू लागली. नाव झालं म्हणून जागा बिघडली, हा काकांचा मुद्दा तिथे शंभर टक्के खरा होता. मग आजूबाजूच्या गावांच्या समित्यांनी शुल्क लावलं, दिवसाला तीन हजारांची मर्यादा आली, आधी नोंदणी करा म्हणाले. लोक चिडले, अजूनही चिडतात. पण ‘आज भरलंय, उद्या या’ असं म्हणणारं कुणीतरी तिथे आहे.

आता एजन्सीवाल्या गृहस्थांचा मुद्दा. काकांपेक्षा मला तोच जास्त टोचला. ते म्हणाले, अटी घालणं ही पैसेवाल्यांची चैन आहे. ठाण्यातला कारकून वर्षातून एकदा बायकापोरांना घेऊन समुद्र बघायला जातो, त्याला तुम्ही मर्यादा सांगणार? यात तथ्य आहे. ‘इको’ हा शब्द बहुतेक ठिकाणी भाड्यात एक शून्य वाढवतो. शिवाय निसर्ग वाचवायच्या नियमाखाली माणूस चिरडला जातो याचं उदाहरण आपल्या उशाशी आहे. माथेरान. १८५० साली ते शोधलं ह्यू मॅलेट याने, आणि तो होता ठाण्याचा कलेक्टर. १९०७ला छोटी गाडी वर गेली. मोटार दस्तुरीलाच थांबते, पुढे चाला. २००३ला पर्यावरणसंवेदनशील क्षेत्र म्हणून अधिसूचना निघाली. सगळं छान. पण त्या लाल मातीत माणूस बसलेली रिक्षा दुसरा माणूस हाताने ओढत राहिला, आणि ते थांबवा असं सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं २०२५मध्ये. झाडं राखणाऱ्या नियमाने ओढणाऱ्याची पाठ मोजलीच नव्हती. २००२च्या केपटाऊन जाहीरनाम्यात जबाबदार पर्यटनाची व्याख्या करताना राहणाऱ्यांसाठी चांगली जागा आधी आणि पाहणाऱ्यांसाठी चांगली जागा नंतर ठेवली आहे. हा क्रम चुकला की माथेरानसारखं होतं.

पण यावरून ‘अटीच नकोत’ असं निघत नाही. अट कुणावर घालायची, एवढं निघतं. ठाण्याच्या कारकुनावर नको, विकणाऱ्यावर घाला. केरळने हे करून दाखवलं. कोचीचा ट्रॅव्हल मार्ट २०००पासून एक वर्षाआड भरतो, झगमगाट तिथेही असतो. पण २००८च्या सुमारास कुमरकोमला हॉटेलवाल्यांना गावातल्या बायकांच्या गटांकडून भाजी, अंडी, नारळ घ्यायला लावलं. भाव आणि दर्जा ठरवायला समित्या बसल्या. सुरुवातीला पुरवठा कमी पडायचा, कुरबुरी व्हायच्या, तरी चालत राहिलं, आणि त्या कामाला पुढे संयुक्त राष्ट्रांच्या पर्यटन संघटनेचा पुरस्कार मिळाला. पाहुण्याच्या खिशाला त्यात चाट बसली नाही. त्याला कळलंही नसेल ताटातली भेंडी कुणाची. एजन्सीवाले रोजगार म्हणतात तो हाच असेल तर मी त्यांच्या बाजूची आहे. पण व्हिलाच्या फाटकावर वॉचमन म्हणून लागलेला, त्याच जमिनीचा पूर्वीचा मालक, याला ते रोजगार म्हणत असतील तर तेवढं त्यांनी स्टॉलवर लिहावं.

आणि शेवटी आपलं अंगण. ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ला जाहीर झालं, २०२२ला जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेलं. ऐरोलीहून बोट सुटते ती भरतीच्या वेळापत्रकावर, तुमच्या-माझ्या सुट्टीवर नाही. शहराने भिंतीभिंतींवर गुलाबी पक्षी रंगवले, चौकात पुतळे बसवले, स्वतःला फ्लेमिंगो सिटी म्हणवून घेतलं. आणि २०२४मध्ये नेरूळच्या डीपीएस तलावात भरतीचं पाणी येणं अडलं, तळं सुकलं, खरे फ्लेमिंगो तिथे मेले. काका तेव्हा रोज सकाळी दुर्बीण घेऊन जात होते, त्यांचा राग मला कळतो. पुढे लोकांनी पाठपुरावा केला आणि २०२५ला राज्य वन्यजीव मंडळाने त्या तलावाला संवर्धन राखीव क्षेत्र म्हणून मान्यता दिली. या शहरात शाश्वत पर्यटनाचं प्रदर्शन भरलं, तर पहिला स्टॉल शहराचाच असणार, गुलाबी रंगाचा. तो द्यायचा की नाही हे ठरवायला निकष काय? मी सुचवेन: पाणथळ जागांत भरतीचं पाणी येतंय का, याची महिन्याची नोंद स्टॉलवर लावा. लावली तर जागा घ्या.

चर्चा संपल्यावर मी घरी येऊन त्या हिवाळ्यातल्या प्रदर्शनाच्या आयोजकांना पत्र लिहिलं. स्टॉलच्या अर्जात चार रकाने वाढवा म्हटलं: पाणी कुठून येतं, एका दिवसात जास्तीत जास्त किती पाहुणे घेता, खरेदी आणि पगार मिळून रुपयातले किती पैसे गावात राहतात, आणि मागच्या वर्षी तुम्ही कुणाला ‘नाही’ म्हणालात का. उत्तर आलेलं नाही. पुढच्या वेळचा अर्ज मात्र नुकताच आला, बहुधा माझा पत्ता चुकून प्रदर्शकांच्या यादीत गेला असावा. दोन पानी आहे. पहिला प्रश्न: नऊ चौरस मीटर हवे की अठरा? कोपऱ्याचा स्टॉल असल्यास पंधरा टक्के जादा.